कुलूप न तुटता गेलेले देव

चकलांबा, ता. गेवराई
गुरुवार, दि. ६ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनीस,

आबाचे आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे बरे आहोत, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. काळी शेळी व्याली. एक पाठ, एक बोकड. थंडी अजून हटलेली नाही.

या पत्राबरोबर तुझी सगळी पुस्तकं परत येत आहेत. खोक्यात घालून सुतळीनं आवळली आहेत. एकाचंही पान दुमडलेलं नाही, त्यामुळे तू कामाला आहेस त्या पुस्तकांच्या दुकानाच्या मालकानं कटकट करायचं कारण नाही. यापुढे रहस्यकथा म्हणून एकही पुस्तक या घरात पाठवू नकोस. नवीन काय आलं, कोणतं वाचण्याजोगं आहे, पुण्यात कोणतं खपतंय, हेही सांगू नकोस. "आबा, हे वाचाच" असं चिठ्ठीवर लिहून तू पाठवायचीस आणि मी येड्यासारखा वाचायचो. आता पुरे.

परवा तू फोनवर विचारलंस, "आबा, पप्पा म्हणतात ते खरं का?" आणि मी फोन बंद केला. तुला वाटलं असेल म्हातारा चिडला. चिडलोच होतो. पण तो फोन मोठ्यानंच बोलतो, आवाज कमी कसा करायचा मला येत नाही, आणि तुझी आजी शेजारीच शेंगा फोडत बसली होती. म्हणून हे पत्र. एकटीनं वाच. बापाला दाखवू नकोस.

आधी पुस्तकांचं बोलतो, कारण माझा राग तिथून सुरू होतो.

दिवाळी झाली की आपल्या वस्तीवर कोण उरतं तुला माहीत आहे. ट्रॅक्टर येतात, हातापायानं धड असलेली सगळी माणसं ऊसतोडीला जातात आणि मागं आम्ही म्हातारे आणि शेळ्या. संध्याकाळी मारुतीच्या देवळात बसून मी वाचायचो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय मला वाचता येत नाही. मोठं जोडाक्षर आलं की बबनराव ओरडायचा, "सुग्रीवची बस बंद पडली बे! उतरा समदे, धक्का मारा!" जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, अजून उतरला नाही गाडीतून. जानकीबाई, तात्याबा, तुझी आजी, सगळी हसायची. मीही हसायचो.

पुस्तकं मात्र सगळीच काही चांगली नव्हती, हे तुझ्या मालकाला सांग. ते अठराव्या मजल्यावरच्या खुनाचं पुस्तक दुकानात कशाला ठेवलं? त्या इमारतीत शेजाऱ्याला शेजाऱ्याचं नाव माहीत नाही, मग खुनी सापडायला तीनशे पानं लागणारच. आमच्या वस्तीवर तो अर्धा तास टिकला नसता. दुसऱ्यात साखर कारखान्याच्या चेअरमनला चहातून विष. चेअरमन एकटा बसून चहा पितो म्हणे! लिहिणाऱ्यानं कधी चेअरमन पाहिलाय का? धरणाचं पाणी आटतं आणि बुडालेल्या गावात माणसाचा सांगाडा दिसतो, ते पुस्तक मात्र चांगलं होतं. खोटं कशाला बोलू. जानकीबाईचं माहेर धरणातच गेलेलं आहे. ती मेलेल्या माणसासाठी रडली नाही, पाण्यावर आलेल्या देवळाच्या कळसासाठी रडली.

आणि तुझी आजी. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण तिसरं प्रकरण संपायच्या आत खुनी सांगायची. "ह्योच बगा. लई गोड बोलतोय." एकदाही चुकली नाही. मला राग यायचा. म्हणायचो, रतन, गप बस, बाकीच्यांना ऐकू दे.

मग तू ते शेवटचं पाठवलंस. समुद्राकाठच्या बंगल्यांचं. मालक सगळे मुंबईला, आणि एक म्हातारा राखणदार सगळ्यांच्या किल्ल्या सांभाळतो. सगळ्यांच्या विश्वासातला. आणि शेवटी खुनी तोच. मी माझ्याच तोंडानं ते वाचलं, आणि माझ्या करगोट्याला वस्तीवरच्या सगळ्या बंद घरांच्या किल्ल्या लटकत होत्या.

बबनराव म्हणाला, "सुग्रीव, तुज्याबी कमरंला लई वाजतंय की बे!"

सगळे हसले.

किल्ल्या माझ्याकडे का असतात हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी फार इमानदार म्हणून नव्हे. मी भित्रा म्हणून. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक कुलूप ओढून बघितल्याशिवाय मला घास जात नाही. लोक म्हणतात, सुग्रीव काळजी करायलाच जन्मला, मग आपलीही काळजी त्यालाच करू दे. तोडीला जाताना किल्ली देतात, कुणी पावती मागत नाही, कुणी काही बोलतही नाही. कित्येक वर्षं असंच चाललं होतं.

त्याच पुस्तकात आजीनं मधेच विचारलं, "ह्यो साहेब कोण म्हणायचा? नवा आला का?" तो साहेब म्हणजे पोलीस इन्स्पेक्टर, पहिल्या पानापासून होता. मला वाटलं तिला डुलकी लागली असेल.

पौषातल्या अमावास्येला जानकीबाई माझ्याकडून किल्ली घेऊन बजरंगच्या घरी गेली. बजरंग तिचा पुतण्या. घर बंद असलं तरी अमावास्येला त्याच्या देवांपुढे ती दिवा लावते. कुलूप जागेवर होतं. दार जागेवर होतं. देव्हारा रिकामा. खंडोबा, बिरोबा, भवानी, चांदीचे टाक सगळे गेले.

आता मला राग कशाचा येतो सांगू? चोरीचा नाही. जानकीबाई बोंबलत आली तेव्हा या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत जी चमक आली तिचा. "कुलूप न्हाई तुटलं आन् माल गेला!" तात्याबा म्हणाला, आणि मला शपथेवर वाटलं की तो खूश आहे. पुस्तकातलं कोडं घरी चालत आलं होतं. बबनराव तर दारोदार फिरला. तू कुठं होतास, तू कुठं होतीस, कुणाला कधी पाहिलं. हवालदारही इतकं विचारत नाही. जानकीबाईनं त्या दाराला स्वतःचं कुलूप घातलं. आणि बबनरावानं सांगितलं, रविवारी सगळ्यांनी देवळात जमायचं, मी उलगडा करणार. ही अक्कल कुठून आली? तुझ्या पुस्तकांतून. सगळ्यांना एका खोलीत बसवायचं, इकडून तिकडे फिरायचं, आणि शेवटी बोट दाखवायचं.

रविवारी तो तसाच फिरला. हात मागं बांधून.

"कुलूप साबूत. म्हंजी उघडलं कशानं? किल्लीनं. किल्ली कुणाकडं?"

"बबन, कावून खेळ करतो बे?" तात्याबा म्हणाला. "समद्यास्नी म्हाईत हाय किल्ली कुणाकडं हाय."

"मी इचारतोय, सुग्रीवनं सांगावं. तू कुणाला दिलती का किल्ली?"

मी उठलो. खांद्यावरच्या पंच्याची गाठ सोडली आणि देव त्यांच्यापुढे ठेवले. म्हणालो, "कुणाला न्हाई दिली. मीच नेले. चांदी मोडायला."

बबनरावाचं तोंड उघडंच राहिलं. त्याला बोट दाखवायचं होतं, पण बोटापुढे खरंच कोणी निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. बारीक आवाजात म्हणाला, "मी गंमत करत होतो बे, सुग्रीव." जानकीबाईनं देव पदरात घेतले, कपाळाला लावले, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी करगोट्यातून किल्ल्या सोडून दिल्या.

मग तिनं बजरंगला फोन लावला. तिकडे कारखान्यावर मोळ्या भरायचं काम चालू होतं, मागून माणसं ओरडत होती. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, "काका, मागायचं व्हतं. मी पैकं धाडलं असतं की." तेवढंच. पोरीच्या लग्नाला मी त्याला दोन बोकड दिले होते, ते त्याच्या लक्षात होते म्हणून तसं बोलला असेल. त्या एका वाक्यानंतर मला जेवण गोड लागलेलं नाही.

तुझ्या बापाला कुणी कळवलं माहीत नाही. अंगदनं फोन केला आणि म्हणाला, "दादा, तुमी मला तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई." पुढे म्हणाला, पैसे पाठवतो त्यात भागत नाही का? मी म्हणालो, नाही भागत. काय म्हणणार होतो? तेव्हापासून बोलत नाही. न बोलू दे. त्याचाही मला रागच आहे. बाप चोरी करेल का, एवढं एकदा तरी विचारायला हवं होतं. एकाच माणसानं विचारलं, तू. आणि मी फोन ठेवला.

मोहिनी, मी ते नेले नाहीत.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी आजीनं भाकरीत मीठ घातलं, थोड्या वेळानं परत घातलं, मग परात तशीच टाकून शेळ्यांकडे गेली. मी म्हटलं नवं पीठ दळून आणावं, म्हणून जोंधळ्यासाठी कणगीत हात घातला. हाताला कापड लागलं. तुझी लाल कुंची होती, तू तान्ही असताना आजीनं शिवलेली. आत बजरंगचे देव होते. प्रत्येकाच्या तोंडाला गूळ लावला होता.

मी तिला बोलावून विचारलं, "रतन, हे काय?"

ती माझ्यावरच डाफरली. "हळू बोला. आत्ता निजलीत. बाप गेलाय ऊस तोडाया, लेकरांस्नी थंडीत कोण बगंल?"

आणि दुपारी मला विचारलं, "बजरंगचं देव गेलं म्हणं. कुणी नेलं आसतील हो?"

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. किल्ली तिनं माझ्या करगोट्यातून केव्हा काढली आणि केव्हा परत अडकवली, मला कळलं नाही. मला, दोन वेळा कुलपं ओढणाऱ्या माणसाला!

तू म्हणशील, गुपचूप परत ठेवायचे. कसे? दाराला जानकीबाईचं कुलूप होतं. सापडले म्हणून सांगायचे? कुठं, कसे, आणखी कोण होतं, बबनरावाचे प्रश्न संपले नसते, आणि त्यानं तुझ्या आजीला विचारलं असतं तर तिनं खरं तेच सांगितलं असतं. लेकरांना थंडी वाजत होती म्हणून. सगळ्यांसमोर.

मंजुळाबाई तुला आठवते का? तात्याबाची भावजय. तिला विसर पडायला लागला तेव्हा आधी बायका हसल्या. मग हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. मग पोरं मागं लागली, येडी आली, येडी आली. शेवटी ती भटकू नये म्हणून लेकानं तिला शेळीच्या दाव्यानं बाजेला बांधली. तिच्या भल्यासाठी. मेली तेव्हा घोट्याला वळ होता. तेव्हा तुझी आजी मला म्हणाली होती, "आसं जगण्यापरीस चोर म्हणून मारलं तरी बरं." ती ते विसरली असेल. मी नाही.

आणि तुझे लेखक! उलगडा झाला की त्यांचं पुस्तक संपतं. ज्याचं नाव निघालं त्याच्या घरी त्या संध्याकाळी चूल कोण पेटवतं, हे एकानंही लिहिलेलं नाही. मी पेटवतो. माझ्या भाकऱ्या चिरतात, करपतात, आजी त्या निमूट खाते आणि विचारते, आज देवळात वाचायला नाही जायचं का? मी म्हणतो, पुस्तकं संपली. म्हणून ही खोक्यात भरली. दिसली की ती उठते आणि पायात चप्पल घालते.

माझं काम ऐक. सुट्टी काढून ये. आजीला डोळे दाखवायला नेते म्हणून बीडला डॉक्टरकडे घेऊन जा. या दुखण्यावर काही औषध असतं का, तुला विचारता येईल. मला तिथे नीट बोलता येणार नाही, मी भांडेन. अंगदला आत्ता सांगू नकोस. त्याला कळलं तर तो तिला तुमच्या पुण्याच्या घरात नेईल, आणि दोघं कामावर गेली की बाहेरून कुलूप लावून जातील. त्याला माझ्यावर रागावू दे. मला चोर म्हणून राहता येतंय. शेजारी बोलत नाहीत, पण शेळ्यांना आडकाठी करत नाहीत.

तू आलीस की एक गोष्ट होईल, त्याची तयारी ठेव. आजी तुलाही विचारेल, बजरंगचे देव कुणी नेले ते कळलं का? ती सगळ्यांना विचारते. रविवारी देवळातून आल्यावर मला विचारलं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, मी नेले. तिनं हातातलं तांब्या-भांडं आपटलं. "देवाला हात लावताना लाज न्हाई वाटली? तात्याबाला काय तोंड दावू, जानकीला काय म्हनू? बजरंगची बायकू उज्ज्वला मला लेकीवानी, तिला काय सांगू?" दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी विसरली, परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. रोज सांगतो.

तूही माझंच नाव सांग. मग ती माझ्यावर ओरडेल. मधे पडू नकोस. ओरडते तेवढा वेळ तिला सगळ्यांची नावं बरोबर आठवतात.

तुझा आबा,
सुग्रीव