ह्यांच्या गुडघ्यातली कुजबुज

ती. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार (वाकून जमतो तेवढा, उरलेला लिहून पोचता करते). तुमचं ब्लडप्रेशर, डोळ्यांतले थेंब आणि वरच्या मजल्यावरचा तो तबलजी, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक आहे. (हे वाक्य पत्रात घालायचं असतं म्हणून घातलं.)

तुमच्या बंधूंना नवा गुडघा बसवून चार आठवडे झाले. टाक्यांच्या खालच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक राहिलंय आणि त्यातून मधूनमधून पाणी झिरपतं. सर्जन म्हणाले, पट्टीला हात लावू नका, पण लक्ष ठेवा. पट्टीला हात न लावता पट्टीखाली लक्ष कसं ठेवायचं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. एवढी वर्षं शिकून माणसं अर्धीच वाक्यं का बोलतात, देव जाणे.

त्यातच रविवारी माझी भाची आली. ती जिवाणूंच्या प्रयोगशाळेत काम करते आणि घाबरलेल्या माणसाशी केव्हा खोटं बोलावं, हे तिला कोणी शिकवलेलं नाही. मी सहज विचारलं, जंतू असतील तर ते इतके गप्प कसे? तर म्हणे, मावशी, एकटा जिवाणू फारसं काही करत नाही, नुसतं एक रसायन सोडत राहतो. सगळेच सोडतात. थोडे असतील तोवर ते विरून जातं. गर्दी झाली की साठतं, आणि त्यावरून प्रत्येकाला कळतं की आता आपण पुरेसे झालो. मग सगळ्यांची तीच जनुकं एकदम जागी होतात. कोणी विष तयार करतात, कोणी चिकट पांघरूण जाडजूड करतात, आणि त्याखाली औषध पोचत नाही. “धातूवर तर मस्त जमतं त्यांचं,” असं म्हणून कार्टीने ह्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते. म्हणाले, “हुशार आहेत. आमच्या ऑफिसात तीस माणसांना एक ठराव करता आला नाही.”

वन्सं, मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. बोलणाऱ्यांचं बोलणं कसं तोडायचं, हे मला कोणी शिकवायला नको. (तुमच्या धाकट्या दिरांचे लांबलचक ट्रंक कॉलसुद्धा मीच तोडत असे. आता सांगायला हरकत नाही.) भाची म्हणाली, तसले पदार्थ शोधताहेत, निरोप वाटेतच नासवणारे, नाहीतर ऐकणाऱ्याचे कान बुजवणारे, पण त्यांचं अजून बरंचसं प्रयोगशाळेतच चाललंय. माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी मी सर्जनपुढे उभी राहिले (सरळ, दोन्ही हात बाजूला, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला उभं करत तशी) आणि म्हटलं, लाइन तोडायचं औषध द्या. ते लिहिता लिहिता थांबले. “कोणाची लाइन, काकू?” मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “खरं आहे. पण माझ्याकडे ते औषध नाही. माझ्याकडे सुरी आहे.”

झिरपणाऱ्या पाण्यात जंतू निघालेत, म्हणजे गुडघा पुन्हा उघडायचा, धुवायचा, आतला प्लॅस्टिकचा तुकडा बदलायचा आणि मग कित्येक आठवडे औषधं. पांघरूण पक्कं व्हायच्या आत, येत्या गुरुवारी. उशीर झाला तर सबंध गुडघाच काढावा लागेल.

आणि हे सही करत नाहीत! म्हणतात, मला कुठे काय दुखतंय? अहो, तेच तर! जंतू गप्प आहेत म्हणजे त्यांची मोजणी चालली आहे! आता हे “दुखत नाही” म्हणाले की मी थर्मामीटर आणते, आणि “जरा दुखतंय” म्हणाले तरी आणते. दिवसातून सहा वेळा ताप बघते. काल थर्मामीटर साखरेच्या डब्यात सापडला. कोणी लपवला, हे विचारायला नको. संमतीचा कागद तीन दिवस टेबलावर पडलाय आणि हे त्यावर चहाचा कप ठेवतात.

बाकी काळजीचं कारण नाही. मी मुळीच घाबरलेली नाही. तब्येतीला जपा.

तुमची भावजय

ता. क. बुधवारपर्यंत या. ह्यांनी जन्मात एकाच माणसाचं ऐकलं, आणि ते माणूस मी नव्हे. फोन करू नका. “बरं ताई” म्हणतील आणि ठेवून देतील. मी फोन केला तर हे ऐकतात, म्हणून हे पत्र कुरिअरने.

आणखी ता. क. वन्सं, पट्टी मी उघडत होते. रोज दुपारी ह्यांचा डोळा लागला की, भिंग घेऊन. हात धुऊन, पण उघडत होते. सर्जनना सांगितलं. म्हणाले, “तुमच्यामुळेच झालं असं सांगता येणार नाही, काकू.” हे वाक्य मी सगळ्या बाजूंनी वाचून पाहिलं. त्यात सुटका आहे की नाही, मला कळत नाही. ह्यांना सांगितलेलं नाही. तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला, पण या.

(खालचं अक्षर माझं आहे, ताई. पाकीट डकवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून वाचलं. ती पट्टी उघडायची तेव्हा मी जागाच असे. भिंग धरून ती सारखं देवाचं नाव पुटपुटत असे, डोळे उघडायचा धीर होत नसे. सही आत्ताच केली. तरी तू ये. गुरुवारी मी आत असेन, तेव्हा बाहेर तिच्याजवळ कोणीतरी हवं.)