मोजल्याशिवाय बसायचं

मंगळवार, २१ जानेवारी

परत पाठवलं. दुसऱ्यांदा.

वेल्ह्याहून शिबिराची गाडी अंधारातच निघाली. पुण्याच्या दवाखान्यात डोळ्यात थेंब घातले, कपाळावर पट्टी चिकटवली, तिच्यावर उजव्या डोळ्याकडं बाण काढला. सगळं झालं आणि मग दंडाला तो पट्टा बांधला. पट्टा आवळायला लागला की माझं काळीज आपोआप पळत सुटतं. वरचं एकशे शहाण्णव निघालं. अर्धा तास बाकावर बसवलं, पुन्हा बघितलं — दोनशे चार.

डॉक्टरीणबाई मायाळू होती. म्हणाली, "आजी, एवढ्या बीपीत मी डोळ्याला हात लावू शकत नाही. आणि मोतीबिंदू तर पिकून गेलाय. पुढच्या महिन्यात काढला नाही तर आतच फुटेल, मग माझ्या हातात फारसं काही राहणार नाही."

डावा डोळा सात वर्षांमागं बाभळीच्या काट्यानं गेला. राहिला हा एवढा उजवा, त्यातनं धुक्यात बघितल्यासारखं दिसतं. वहीत अक्षरं बोटाएवढी काढते, जाड पेनानं, दोन दोन ओळी सोडून.

पुढचं शिबिर १२ फेब्रुवारीला. बावीस दिवस.

शिबिराची गाडी संध्याकाळी परतणार होती, म्हणून मी आणि मालक एसटीनं आलो. विंझर आल्यावर म्हणाले, "उतरून च्या घेतीस का?" मी नको म्हटलं. एवढंच बोलणं.

बुधवार, २२ जानेवारी

उपकेंद्रातली सिस्टर अश्विनी वाडीवर चढून आली. भोरची पोरगी, चढण चढून दम लागलेला, तरी पाणी प्यायच्या आधी माझा दंड मागितला. एकशे अठ्ठ्याऐंशी.

"कमळाआजी, गोळी चुकत नाही ना?"

गोळी चुकत नाही. पाकिटावरचं मी स्वतः वाचते, डोळ्याला अगदी चिकटवून. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण रोहिदास पहिलीत होता तेव्हा चुलीपुढं त्याच्याबरोबर मीही बाराखडी गिरवली. पोरगं पुढं ड्रायव्हर झालं, मी वाचत राहिले.

ती म्हणाली, गोळी चालूच ठेवायची. जोडीला रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच बघायचं. एक ते दहा मोजायचं, झालं की परत एकपासनं. मन पळालं तर आणून बसवायचं. त्याच्यावर रागवायचं नाही.

मी विचारलं, देव कुठला आठवायचा?

"कुठलाच नाही. आठवला तर हाकलू नका म्हणजे झालं."

मालक दारातनं म्हणाले, "साधू व्हायचं आसंल तर आदी शेरडं इकाया लागतील."

"आजोबा, तुमचंपण बघू का बीपी?"

"माजं कशाला? म्हातारीचं बगा." आणि काठी घेऊन निघूनच गेले.

गुरुवार, २३ जानेवारी

घोंगडीची घडी करून बसले. एक. दोन. तीन. चारला वाटलं, गोठ्याची कडी लावली का. पाचला सुनेचा फोन आला नाही हे आठवलं. दिपाली नसरापूरला असते, दोन दिवस झाले फोन नाही. मग सहा म्हटलं होतं की सात?

छातीत असं धडधडलं की उठून गोठ्यात जाऊन आले. कडी लावलेली होती.

शनिवार, २५ जानेवारी

बसले. सहावर चुकले. उठले.

रविवार, २६ जानेवारी

आज बसलेच नाही. आधी पट्ट्याची भीती होती. आता बसायचीपण.

सोमवार, २७ जानेवारी

आज संध्याकाळी शेरडं अडतीस भरली.

आमची सदतीस. मालक चारून आणतात, मी गोठ्याच्या दारात उभी राहते आणि एकेक आत जाताना पाठीवर हात ठेवून मोजते. डोळे बरे होते तेव्हाही असंच मोजायचे, आता तर हातच डोळे. अडतीसावी पाठ लागली आणि मला दरदरून घाम फुटला. एक जास्त का? म्हणजे मी कुठं चुकले? चुकले असेन तर कमी तर नाहीत? सगळी बाहेर काढून पुन्हा मोजली. अडतीसच.

एवढ्यात खालच्या वस्तीचा सोनबा आला. "बाज्या, म्हातारपणी शेरडं चोराया लागला व्हय रं? माजी कानफाटी तुज्या कळपात आली."

मालक म्हणाले, "आली आसंल आपल्या पायानं."

"आरं, तिच्या गळ्यात तांबडं फडकं हाय, लांबनं दिसतंय! तुला रं कसं दिसलं न्हाई?"

"लक्ष नव्हतं," मालक म्हणाले.

सोनबा शेळी घेऊन हसत गेला. मी मात्र मालकांना लई बोलले. माझं हे असं, आणि तुमचं लक्ष असतं तरी कुठं? जेवताना त्यांनी भाजी परत मागितली नाही. मग मीच उठून वाढली.

मंगळवार, २८ जानेवारी

बीपी एकशे ब्याण्णव. बसायला लागल्यापासनं वाढलंच! मी अश्विनीला म्हटलं, पोरी, हे मला लागू नाही. शिकल्यासवरल्यांचं काम आहे.

ती घोंगडीवर माझ्यापुढं बसली. "बसता तेव्हा नेमकं काय होतं ते सांगा."

मी म्हटलं, मोजताना चुकतं.

"चुकू दे की. परत एकपासनं."

मग मला तिला सांगावं लागलं. परवाच्या साली एका संध्याकाळी पस्तीसच पाठी हाताला लागल्या. थकले होते. म्हटलं, मीच चुकले असणार, आणि कडी लावून टाकली. सकाळी ओढ्याकाठी दोन करडांचं काय उरलं होतं ते मीच बघितलं. बिबट्या. तेव्हापासनं मोजताना आकडा निसटला की माझ्या अंगाला ठाऊक असतं — कुणीतरी बाहेर राहिलंय. बसल्या जागी श्वास मोजतेय की शेरडं, अंगाला काय कळणार?

अश्विनीनं पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "आजी, मी तुम्हाला नेमकं नको तेच दिलं की."

"तुला काय ठाऊक, बाई."

"मोजू नका. बिलकुल नका मोजू. असं काय आहे, ज्याच्याशेजारी तुम्ही आपोआप गप बसता?"

गप कधी बसले मी आयुष्यात?

गुरुवार, ३० जानेवारी

सापडलं बहुतेक.

दुपारी मालक सोनबाकडं गेले होते. शेरडं सावलीला बसलेली. मी जुन्या काळ्या शेळीला पाठ टेकून बसले. ती रवंथ करत होती. कचकच कचकच, मग थांबते. गळ्यातनं गोळा वर येतो, तो पाठीला जाणवतो. मग परत कचकच. थांबते तेव्हा मधे थोडी मोकळी जागा असते. त्या जागेत माझा श्वास आपोआप लांब झाला.

मन गेलं. पुण्याच्या त्या बाकावर जाऊन बसलं. पण काळीचा पुढचा गोळा वर आला आणि मीही परत आले. कुणी हरवलं नव्हतं. रागवायचं कुणावर?

उठले तेव्हा सावली पायावरनं सरकून अंगणात गेली होती.

शुक्रवार, ३१ जानेवारी

परत बसले. आज काळीऐवजी दुसरी होती. ती भराभर चावते, पण चालतं.

रविवार, २ फेब्रुवारी

रात्री सलग झोपले. पहाटे कोंबड्यानं उठवलं, भीतीनं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

एकशे अडुसष्ट. अश्विनीनं दोनदा बघितलं. म्हणाली, एकशे साठच्या आत आलं तर डॉक्टरीणबाई घेतील. सहा दिवस उरले.

बाकी काय फरक पडला ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. दूध दोन दिवसांत एकदाही उतू गेलं नाही, कारण मी चुलीपाशी असते तेव्हा चुलीपाशीच असते. दिपालीचा फोन आला. एरवी मी, रोहिदास घरी आला का, गाडी सावकाश चालवतो का, असं आठदा विचारते. आज एकदाच विचारलं. ती म्हणाली, "आत्या, बरं हाय न्हवं? आज लई गप हायसा." मी म्हटलं, गप नाही गं, ऐकतेय. तर तिनं आपणहून अर्धा तास माहेरचं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आणि सकाळी मालकांनी चहा कपाच्या बाहेर ओतला. निम्मा खाली. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. राग आला, मला तो येताना कळला, आणि तोंडापर्यंत पोचायच्या आतच विरला. फडकं घेऊन पुसलं. मालकच ओशाळले. म्हणाले, "हात थरथरतुया आलीकडं."

मी म्हटलं, तुम्हीपण बसा माझ्याजवळ दुपारचं.

"दोगंबी डोळं मिटून बसल्यावर शेरडं कोण बगंल?"

रविवार, ९ फेब्रुवारी

आज नाही जमलं. काळी चावत होती, मी बसले होते, आणि डोक्यात फक्त तो पट्टा. आवळतोय, आवळतोय. भीती कुठं गेली नव्हतीच. एवढंच की आता ती आली की मला कळतं, आली म्हणून. पूर्वी मीच भीती होऊन जायची.

पण तीनच दिवस. आणि परत पाठवलं तर? मला चूल दिसेल का? हे लिहिता येईल का? बिनडोळ्याच्या माणसाला सगळे खाटेवर बसवून ठेवतात आणि वर म्हणतात, आराम करा.

जेवण झाल्यावर मालकांना विचारलंच. न्हाई झालं तर?

"न्हाई झालं तर म्या हाय की," म्हणाले. मग उगाच खाकरले आणि कूस बदलून पडले. त्यांनाही भीती वाटते, हे मला आजवर कसं सुचलं नाही?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रोहिदास आणि दिपाली आले, आम्ही येईपर्यंत शेरडांकडं बघायला. संध्याकाळी दिपालीला दारात उभं केलं, तिचा हात धरून एकेका पाठीवर ठेवला. सदतीस. ती म्हणाली, "आत्या, दिसत्यात की मला, हात कशाला?" मी म्हटलं, तरी ठेव.

पिशवी भरली. मालकांचा सदरा उलटा घातलेला होता, तो सुलट करायला लावला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या बाकावरनं लिहितेय. पट्टा बांधला. आवळायला लागला. काळीज निघालं पळायला. मी त्याला अडवलं नाही. पाठीला काळी आहे असं धरलं. चावतेय, थांबलीय, गोळा वर येतोय.

एकशे अठ्ठावन्न.

आत बोलावताहेत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

इथली सिस्टर म्हणते, चारच ओळी लिहा. सकाळी पट्टी काढली. खिडकी दिसली, खिडकीचे गज दिसले. मग खाटेशेजारी मालक. त्यांच्या दोन्ही बाहुल्या पांढऱ्या, पिठुळ. माझ्याकडं बघून हसत होते, पण नजर माझ्या खांद्याच्या पलीकडं भिंतीवर.

"कवापासनं?" म्हटलं.

"दोन दिवाळ्या झाल्या."

"आन् शेरडं?"

"म्या आवाजावर न्यायचो, तू हातानं मोजायचीस. चाललं की."

मी म्हटलं, बोलला का नाहीत मला?

म्हणाले, "बोललो आसतो, तर तू त्या गाडीत बसली आसतीस?"