भोंग्यावरचे अल्बम

३ एप्रिल २०१३
पुण्याहून कुरिअर आलं. कातळ रेकॉर्ड्सच्या पाच सीडी. कंपनी छोटी, कुणाच्या दावणीला न बांधलेली, फक्त रॉक काढते. 'मराठवाडा विभागाचा रॉक समीक्षक' अशी मी पत्रात ओळख करून दिली होती. विभागात दुसरा कुणी नाही, त्यामुळे खोटं म्हणता येणार नाही. वीस तारखेपर्यंत रिव्ह्यू पोचला तर पुढच्या अल्बमच्या कव्हरवर माझं नाव.
निश्चय: प्रामाणिक मत. कुणाची भीड नाही.

४ एप्रिल, दुपारी १२
फाट्यावरच्या दूध सोसायटीच्या ऑफिसात एकटाच. दुष्काळात दूधच नाही, तर सेक्रेटरीला काम कसलं? पाण्याचा टँकर फाट्यावर आला की ऑफिसच्या भोंग्यावरून गावाला सांगायचं, एवढंच. कॉम्प्युटरचा स्पीकर मेलाय, म्हणून सीडी लावून कॉम्प्युटर भोंग्याला जोडला. रॉक तसंही मोठ्यानंच ऐकायचं असतं.
पहिल्या खरखरीलाच शंभरेक बाया हंडे घेऊन अर्धा किलोमीटर पळत आल्या. सत्तरीच्या भिवराबाई सगळ्यांच्या पुढं. टँकर कुठं हाय, म्हणाल्या. ही गिटार आहे, असं सांगितलं. दोन महिने भोंगा फक्त पाण्यासाठीच वाजला, त्याला मी काय करू?
नोंद: प्रतिसाद उत्स्फूर्त.

६ एप्रिल
दुसरा अल्बम. तीसेक बाया, शिव्या जास्त. भिवराबाई घाईत पडल्या, गुडघा सुजला. वाईट वाटलं. पण ड्रम मधेच बंद करणं कलाकारावर अन्याय झाला असता.
चेअरमन सुंदररावांनी बोलावून विचारलं, कावून गावाला पळवायलास बे? आवाज कमी करतो म्हणालो.
लिहायला घेतलं: 'ढोल विभागाची कामगिरी समाधानकारक. गायकाच्या कामास सर्वानुमते मंजुरी.' बारा वर्षं सोसायटीची इतिवृत्तं लिहून हात असा घडलाय. पुण्यात ही शैली नवी वाटेल.

९ एप्रिल
तिसरा अल्बम. पूर्ण आवाज. एकही बाई आली नाही. गावाला गाण्याचा कान येतोय.
केशरबाई म्हणाली, अवो, तुमच्या भोंग्यावरून लोकांचा इस्वास उडालाय, खरा टँकर आल्यावर काय करताल? बायकोला संगीतातलं कळत नाही.

१२ एप्रिल, सकाळी ११.४०
टँकर! नऊ दिवसांनी. भोंग्यावर सांगितलं. पुन्हा सांगितलं. खरंच आलाय म्हणून ओरडलो. कुणी नाही. ड्रायव्हर चाँद घड्याळ बघतोय. गावातल्या दोन बायांच्या सह्या घेतल्याशिवाय पाणी उतरवता येत नाही, आणि गल्लीत गाडी वळत नाही. आता मीच पळतो.

दुपारी १.१५
सगळ्या आळ्या पालथ्या घातल्या. ओट्यावरच्या बाया म्हणाल्या, आज कोणतं गाणं हाय सेक्रेटरी? अर्ध्या तासात दोघींना कसंबसं घेऊन फाट्यावर आलो तर गाडी नाही. पुढं दोन गावं बाकी होती, चाँद भरलेला टँकर घेऊन गेला. रस्त्यावर गळालेल्या पाण्याचा ओला डाग. दोघींतली एक त्या डागाकडं बघत उभी राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल
भोंग्याची किल्ली सुंदररावांनी काढून घेतली. केशरबाई पाण्यासाठी नांदूरघाटच्या रस्त्यानं पहाटेच जाते. माझ्याशी बोलत नाही.
मोठा टीकाकार गावात नेहमी एकटाच पडतो. रिव्ह्यू आजच संपवायचा.

१५ एप्रिल
संपवला नाही. भिवराबाई लंगडत पाण्याला जाताना दिसल्या. कागद पुढं सरकत नाही.

२० एप्रिल
रिव्ह्यूची शेवटची तारीख, कागद तसाच. दहा वाजता चाँदचा फोन, तासाभरात पोचतो म्हणाला. सुंदरराव म्हणाले, आता घरोघर जाऊन सांग.
गेलो. लेकराबाळांची शपथ घेतली. कुणी जागचं हललं नाही. भिवराबाईंनी दार लावून घेतलं. लई लाज वाटली.
शेवटी स्वतःच्या घरी आलो. केशरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याच खिशातला मोबाईल काढून चाँदला फोन लावला. त्याच्या तोंडून ऐकल्यावर हंडा उचलला. ती निघालेली बघून एकेक दार उघडलं, आणि बाया तिच्या मागं चालू लागल्या.
मी बादली घेऊन रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहिलो.