बनवणाऱ्याचं नाव

३ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. वसतिगृहात मी खुशाल आहे. पंपाच्या कारखान्यात सध्या माझं काम एवढंच, की पंप चालू करायचा, आकडे लिहायचे आणि पंप बंद करायचा. परवा साहेबांनी विचारलं, नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेल्याचं मला कसं कळलं. मी म्हटलं, वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि आमचं घर दुकानाच्या मागेच आहे.

आता तुमच्या तीन मोटरींच्या छोट्या बोटीचं. कडेच्या दोन मोटरी एकमेकींच्या उलट फिरल्या पाहिजेत, म्हणजे एकीचा झोक दुसरी मोडून काढते. त्यासाठी पंखेही डावा-उजवा असे जोडीचे लागतील. मधलीला जोडीदार नाही, त्यामुळे बोट डाव्या अंगावर झुकेल. बॅटरी दोन बोटं उजवीकडे सरकवून पाहा. आणि मधली मोटर रिमोटवर वेगळ्या बटणावर ठेवा. आधी कडेच्या दोघींनी बोट पाण्यावर उचलू दे, मग मधलीला सोडा. हे सगळं मी कागदावर मांडलंय, पाण्यात नाही.

तलावावरच्या क्लबच्या शर्यतीचा अर्ज भरलात का? संकोच करू नका. रिमोटच्या बोटी विकत आणणारे पुष्कळ येतील. मोटरी स्वतःच्या हातांनी गुंडाळणारं त्या तलावावर दुसरं कोण असणार आहे?

बोट तरंगवून पाहायला घेतलेला आईचा कपडे भिजवायचा टब तिला परत मिळाला का, तेही कळवा. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

आपली,
ठिणगी


१४ जानेवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

टब अजून दिलेला नाही. तुझी आई कपडे बादलीत भिजवते आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. तिची तक्रार अशी, की जेवायला येता का विचारलं तर मी सतरा म्हणालो. वेढे मोजताना विचारलं तर माणूस दुसरं काय म्हणणार? हो म्हटलं असतं तर पुन्हा एकपासून सुरुवात.

बॅटरी दोन बोटं सरकवली, तर बोट उजवीकडे कलली. दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, तू तुझी बोटं धरली असणार. माझी दीड पुरली. यापुढे मापं मिलिमीटरमध्ये कळवत जा, शिकलेली आहेस.

खाणीच्या तळ्यात चालवली. आधी तिन्ही मोटरी एकदम सोडल्या की ती नाक वर करून उभीच राहायची. आता वेगळ्या बटणामुळे सरळ सुटते. काठावरचे लोक उठून उभे राहिले. मधली मोटर मात्र तापते. थंड पाण्याची नळी मोठी केली, तरी ती एकदा उघडून पुन्हा गुंडाळावी लागणार.

अर्ज भरला. चालवणारा म्हणून माझं नाव घातलं, बनवणारा म्हणून तुझं. पुढे शिक्षणाचा रकाना होता, तिथे तुझी पदवी लिहिली. कारकुनाने ती वाचली आणि मला बसायला खुर्ची दिली.

तब्येत सांभाळ. आईचे आशीर्वाद वेगळे समजावेत.

तुझा,
बाबा


२२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि त्या खुर्चीपाशी अडकले. माझ्या पदवीला मिळालेल्या खुर्चीवर तुम्ही बसलात, हे मला सहन झालं नाही. आपल्या घरात पहिली पदवी माझी आली, ती तुमचं नाव झाकायला नाही.

म्हणून मी क्लबच्या सचिवांना पत्र लिहिलं आहे. ही बोट मी बनवलेली नाही, तिला माझा हातही लागलेला नाही, ती माझ्या वडिलांनी बनवली आहे, ते सातवी शिकलेले आहेत आणि तेवढंच नाव अर्जावर असावं, असं स्वच्छ लिहिलं. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. म्हणून विचारलं नाही.

रागावलात तरी लोभ कमी करू नका. आईला नमस्कार.

आपली,
ठिणगी


२० फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

क्लबचं उत्तर आलं होतं. मुदत संपल्यावर नाव बदलता येत नाही, आणि जिचं नाव आहे तीच नाही म्हणते, म्हणून अर्ज रद्द. हे तुला लगेच कळवलं नाही, कारण त्या दिवशी लिहिलं असतं तर वेगळं लिहिलं असतं.

शर्यत रविवारी झाली. मी बघायला गेलो होतो. एका इंजिनियरची दोन मोटरींची बोट सरावातच एका अंगावर पडून गोल फिरत होती. बघितलं तर दोन्ही पंखे एकाच बाजूचे. माझ्या खिशात आपला डावा पंखा होता, तो त्याला दिला, त्या मोटरीच्या दोन तारा अदलाबदल केल्या. त्याची बोट तिसरी आली. त्याने विचारलं, हे कुठे शिकलात. मी म्हटलं, मुलीने पत्रात लिहिलं होतं. सचिव शेजारीच उभे होते. ते आत जाऊन फाइल घेऊन आले आणि तुझं पत्र मला वाचायला दिलं.

खुर्चीसाठी तुझं नाव घातलं असं तुला वाटलं. थोडं तसंही असेल, मी नाही म्हणत नाही. पण तारा मी वीस वर्षं गुंडाळतोय आणि त्या वीस वर्षांत त्यांची बोट कधी झाली नाही. तुझी पत्रं टेबलाच्या काचेखाली आहेत, त्यांच्याकडे बघत बघत ती झाली. अर्जात बनवणाऱ्याला एकच ओळ होती. दोघांतलं एक नाव लिहायचं होतं, मी तुझं लिहिलं.

रागावलेलो नाही. पण ‘तिला माझा हातही लागलेला नाही’ हे तू खोटं लिहिलंस.

बोट माळ्यावर ठेवली आणि टब आईला दिला. दुसऱ्या दिवशी तिने तो पुन्हा दुकानात आणून ठेवला. आहे हे असं आहे.

तुझा,
बाबा


२७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुमची शर्यत माझ्यामुळे गेली. ती परत आणता येत नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सचिवांना दुसरं पत्र टाकलं. काही मागितलं नाही, फक्त पहिल्या पत्रातलं एक वाक्य चुकीचं होतं एवढं कळवलं. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, पटलं म्हणून.

पण बाबा, ते वाक्य निम्मं खरंही होतं. मोटर कुठे दुखतेय ते मला ऐकून कळतं, पण मला एक वेढा नीट घालता येत नाही. लहानपणी मी तुमच्याशेजारी बसले की तुम्ही मला अभ्यासाला उठवायचात आणि मी आनंदाने उठायचे. तेव्हा ते दोघांनाही बरोबर वाटलं.

मधली मोटर उघडायची आहेच. ती मला पाठवा, सोबत तार आणि खाचेत घालायचा कागद. मी गुंडाळते. बहुतेक बिघडवीन. बिघडली तर उलगडा, कुठे चुकलं ते लिहा आणि परत पाठवा. कितीदाही पाठवा. पुढच्या अर्जात एका ओळीत दोन नावं लिहू, अक्षर बारीक काढू. तोवर माझं नाव तिथे लिहिण्यासारखं झालं पाहिजे.

मोटर कापडात घट्ट बांधा, खोक्यात हलता कामा नये. आईला नमस्कार. लोभ आहे तो ठेवा, आणि चुका काढताना तो बाजूला ठेवा.

आपली शिकाऊ,
ठिणगी