विचारपूस करणाऱ्यांना काही नाही

मी, खाली सही करणारी, व्यवसाय शिवणकाम, वय अडुसष्ट, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. आधीच्या कागदात दोन खोल्यांचे राहते घर धाकट्या भावाच्या नावे होते. आता नाही. कारण नोंदवून ठेवते.

सात वर्षांपूर्वी दुकानात गर्दी असताना भावजय आली. आदल्या दिवशी सुई शोधताना तिने माझ्या खणातल्या गोळ्या पाहिल्या होत्या. मी पडद्याआड एका बाईंचे माप घेत होते. बाहेरून सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला, "वन्सं, त्या गोळ्या कसल्या हो? लागण होण्यातलं नाही ना काही? घरात लेकरं आहेत म्हणून विचारते."

त्या बाईंनी कमरेची टेप हळूच सोडवली. "नंतर येते," म्हणाल्या. आल्या त्या कापड परत न्यायला. लागण होण्यातले काही नव्हते, पण दारोदार सांगत फिरू का? आणि सांगितले की पुढचा प्रश्न तयारच असतो, "मग नेमकं काय आहे?" वर्षभरात दुकानाला कुलूप लागले.

भाऊ म्हणाला, "ताई, काळजीपोटी विचारलं गं तिनं." काळजी असती तर दार लोटून विचारले असते, आणि मी गप्प राहिल्यावर तीही गप्प राहिली असती.

२. घर, मशीन आणि कात्र्या काजबटण करणाऱ्या बाईंना द्याव्यात. सोळा वर्षे त्या माझ्यासमोर बसल्या. एकदा कापता कापता मी मटकन खाली बसले. त्यांनी हातातली कात्री काढून घेतली, पाणी दिले आणि विचारले, "कुणाला बोलावू, का नुसती बसू?" मी म्हटले, "बसा." त्या काज करत बसल्या. पुढे मी आपणहून आजार सांगितला तेव्हा म्हणाल्या, "बरं. मग जड गठ्ठे मी उचलत जाईन." तो विषय तिथेच संपला.

३. दवाखान्याची फाइल याच बाईंनी न उघडता जाळावी. "कशानं गेल्या?" असे भावजय विचारेलच. तिला कोणीही उत्तर देऊ नये. तिला माझ्याकडून दुसरे काही नाही.

४. भाऊ दर महिन्याला, त्याच्या पत्त्यावर आलेले माझे टपाल द्यायला येतो आणि उंबऱ्याबाहेरूनच परततो. "ताई, कशी आहेस?" एवढे त्याने सात वर्षांत विचारले नाही. त्यासाठी आजाराचे नाव माहीत असावे लागत नाही. कपाटात त्याच्यासाठी शिवलेला एक सदरा आहे, तो त्याला द्यावा. माप जुनेच आहे. नवे घेण्याइतका तो कधी आत आला नाही.

सही : शिवणकाम करणारी
साक्षीदार : १. डॉक्टर (बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, याची खात्री केली.) २. शेजारचे चष्मेवाले
काजबटणवाल्या बाई सह्या होईपर्यंत बाहेर थांबल्या होत्या.
ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : तीन नोव्हेंबर, सकाळी