डावीकडे टाकलेला हत्ती

प्रिय ॲशली,

मेसेज केला असता तर तू अर्ध्यातच वाद घालायला लागली असतीस, म्हणून कागदावर लिहितेय. अक्षर सांभाळून घे.

रविवारची आपल्या मोबाइल गेमची फायनल अजून डोक्यातून जात नाही गं. भाईंदर पूर्वेच्या त्या हॉलमध्ये पंखे नुसते आवाज करत होते आणि समोर अथर्व आणि चंदन आरामात हसत बसले होते. आपला बेत ठरलेला. पुढे तुझा हत्ती, मागे माझे तिरंदाज, आणि हळूहळू चालत जाऊन त्यांचा बुरूज पाडायचा. याच जोरावर आपण फायनलपर्यंत आलो. पण त्या दोघांनी आपले आधीचे सामने बघून ठेवले होते. तुझं हत्तीचं पान पडलं की चंदन मधमाश्यांचं पान टाकायचा, आणि एवढा मोठा हत्ती बुरुजापाशी पोचायच्या आत संपायचा. दोनदा तेच झालं. मग आपला डावा बुरूज पडला. मी घाबरून म्हणाले, "परत हत्ती टाक, या वेळी मी तिरंदाज आधी सोडते." तू एवढंच म्हणालीस, "नको. थांब जरा."

वेळ संपत आलेली आणि ही म्हणतेय थांब! मी तुझ्याकडे पाहिलं. बोट स्क्रीनच्या वर तसंच धरलेलं, आणि तू आपल्या पानांकडे बघतच नव्हतीस. चंदन काय टाकतो तेवढंच बघत होतीस. मग हत्ती टाकलास, तोही डावीकडे, पडलेल्या बुरुजाच्या मागे, त्यांच्यापासून सगळ्यात लांब. मला वाटलं, हिचं बोट चुकलं. चंदनने सवयीने मधमाश्या तिकडेच सोडल्या आणि तू ओरडलीस, "संपदा, उजवीकडे! सगळं टाक!" घोडेस्वार, तिरंदाज, हातात होतं ते सगळं मी टाकलं. अथर्वही डावीकडेच पानं टाकून बसला होता, उजवीकडे थोपवायला त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. उजवा बुरूज गेला, पाठोपाठ मधला मोठा बुरूज, आणि हॉलमध्ये नुसता कल्ला.

जिंकल्याचं मला भानच नव्हतं. ज्या हत्तीवर आपली सगळी भिस्त, तोच तू चालू सामन्यात आमिष म्हणून सोडून दिलास. असं कुणाला सुचतं? तुझ्या शेजारी बसून खेळत होते, तरी लोकांसारखी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

काल उत्तनला तुझ्या घरी आले होते. तू कामावर होतीस. ग्रेसी आंटी मांदेली साफ करत बसल्या होत्या, सहज बोलून गेल्या, "बेंगळुरूच्या टीमनं बोलावलंय तिला, पन जात न्हाय बोलते. संपदा एकटी काय करेल, बोलते." तुझ्यासारखा खेळ मी कुठे पाहिला नाही ॲशली, आणि तो माझ्यासाठी इथल्या हॉलमध्ये अडकून पडावा, हे मला नाही चालणार. येताना पुढच्या स्पर्धेत मिनलबरोबर नाव देऊन आले. ती भयंकर वाईट खेळते, पहिल्याच फेरीत हरू आम्ही. पण तुझी जागा आता भरली. आजच बेंगळुरूला फोन कर आणि हो म्हण.

तुझीच, आणि आता मिनलची जोडीदार,
संपदा