थोरल्याची सीट

अहो,

शर्यतीच्या गाडीतली सीट शोधत बसू नका. ती काढून मी बहिणीकडे घेऊन चालले आहे. बोल्ट खिडकीतल्या वाटीत आहेत. जेवण झाकून ठेवलंय.

थोरल्याला आत बसवून, त्याच्या अंगाभोवती फोम ओतून तुम्ही ती सीट केली होती. शर्यतीत तो गेला, गाडी चेपली, सीटला मात्र ओरखडाही नाही. गाडी तुम्ही पुन्हा उभी केलीत, तेही मी सोसलं. पण काल धाकटीला त्याच सीटमध्ये बसवून तुम्ही बाजूंनी चिंध्या कोंबत होतात. ती हसत म्हणाली, "आई, इथे आधीच कुणीतरी बसलंय गं." उतरली तेव्हा तिचे हात गार पडले होते. तुम्ही म्हणालात, "होईल सवय."

तुम्ही दोघं बाहेर गेलात की मी त्या सीटवर हात फिरवते. त्याचा डावा खांदा उतरता होता, तो खळगा अजून तसाच आहे.

पोरीने गाडी चालवू नये, असं मी म्हणत नाही. तिच्या मापाची नवी सीट ओता आणि मला फोन करा. मी येईन. या वेळी पट्टे मी आवळणार.